सगळी वाडी एका नंबरावर

हमरापूर, ता. पेण
३ जुलै २०२५

ती. नंदाताईस,
गोरखचा शि. सा. न. वि. वि.

पत्र टाळत होतो, ताई. विसरलो असं लिहिणार नाय, तू लगेच ओळखशील. कोल्हापूरला असताना कागद आणला, त्यावर भजी खाल्ली. साताऱ्यात पुन्हा आणला, तो ट्रकच्या टपावर भिजला. इथं आलो तेव्हा कागद होता, पेन होतं, फक्त तुला सांगण्यासारखं काय नव्हतं. आता झालंय, आणि ते बरं नाय, म्हणून बसलोय.

आधी मी कुठं हाय ते सांगतो. हमरापुरात कृष्णाबाईंचा गणपतीचा कारखाना हाय, तिथं घासकाम करतो. साच्यातून निघालेली मूर्ती पॉलिश पेपरनं घासायची, सांधा दिसता कामा नये. दिवसभर नाकात पांढरी भुकटी. संध्याकाळी आम्ही सगळे रांगेत नळावर उभे राहिलो की भुतांची वरात वाटते. डोळ्यांची आखणी मात्र बाई कोणालाच करू देत नाय. मी एकदा म्हटलं, निदान उंदराचा एक डोळा तरी काढू द्या. तर म्हणाल्या, उंदीर झाला म्हणून काय त्यानं जन्मभर तिरळं बघावं? बाईंचं तोंड तुझ्यासारखं हाय. तुमची गाठ पडली तर मजा येईल. एकदा काय झालं, पनवेलचा एक माणूस आला आणि म्हणाला की गणपती जरा हसरा करा...

बघ, भरकटलो. दिनेशचं सांगायचं होतं.

दिनेश आठवतो ना? आश्रमशाळेत माझ्या मागं बसायचा आणि नाक माझ्या सदऱ्याला पुसायचा, तो. आता पेणला रामवाडीत हायवेजवळ एका कंपनीच्या हापिसात हाय. निळा टीशर्ट, गळ्यात पट्टा. कंपनी सरकारसाठी 'वस्तीमित्र' नावाचं ॲप चालवते म्हणे. परवा तो बाईकवरून कारखान्यात आला आणि मला चहा पाजला. दिनेशनं स्वतःच्या खिशातून चहा पाजला तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

मग म्हणाला, गोरख्या, तुझ्या फोनवर आता मेसेज येतील, प्रत्येकात कोड असेल, ते फक्त मला वाचून दाखव. मी म्हटलं, माझे कोड तुला कशाला? तर म्हणाला, तुझे नाय रे, उंबरडोह वाडीचे. सगळ्या घरांचे.

तुला ती घराघराच्या नोंदणीची गाडी आठवते का गो? साहेब प्रत्येकाला मोबाईल नंबर विचारत होता आणि वाडीत फोन एकच, माझा, तो पण काच फुटलेला. रकाना मोकळा ठेवला की मशीन पुढं सरकत नव्हती. तेव्हा पांडूबाबा म्हणाले, लिवा गोरख्याचा, घरचाच पोरगा हाय. मग दुसऱ्यानं तोच सांगितला, तिसऱ्यानं तोच. साहेबाला जेवायला जायचं होतं आणि आपल्याला घरं शाकारायची होती. पुढं वाडीत फोन आले, पण रिचार्ज संपला की नवं सिम, नंबर टिकला कोणाचा? माझाच. माझं गाव टिकलं नाय, काम टिकलं नाय, नंबर तेवढा टिकला.

तर मेसेज आले. आरतीच्या घंटेसारखे, थांबेचनात. एक उघडला. सगळं इंग्रजी. त्यातला एकच शब्द मला वाचता आला, कन्सेंट. तो मी कधी शिकलो ते सांगतो. आमच्या ट्रकच्या ड्रायव्हरचा अपघात झाला तेव्हा दवाखान्यात त्याच्याजवळ मीच एकटा. नर्सनं कागद पुढं केला, वरती मोठ्या अक्षरात हाच शब्द. विचारलं तर म्हणाली, ही तुमची मान्यता, उद्या काय झालं तर आम्हाला बोलायचं नाय. मी सही केली. पाय सडलाच होता, तो कापावाच लागला, डॉक्टरचं काय चुकलं नाय. पण ड्रायव्हर शुद्धीवर आला आणि मला म्हणाला, माझ्या पायाची सही करणारा तू कोण? त्यानंतर त्या ट्रकवर चढवेना मला.

म्हणून मी दिनेशला म्हटलं, बॅटरी मेली. त्याच्यासमोर फोन बंद केला. तो म्हणाला, वस्ती समन्वयक म्हणून तुला कंपनीत चिकटवतो, पट्टा मिळेल. मी म्हटलं, पट्टा आमच्या वाडीत कुत्र्याला पण नाय बांधत. गेला तोंड पाडून, पण परत येणार.

सिम काढून ठेवलंय. आधी एका मूर्तीच्या पोकळ पाठीत लपवलं होतं, मग वाटलं, बाप्पा गेला पुण्याला तर सगळी वाडी विसर्जनाला. आता कमरेच्या चंचीत हाय. फोन बंद, म्हणून पत्र. तू पण कामाला मिळालेल्या अंगणवाडीच्या फोनवरून काय बोलू नको, तो सरकारचा. वाडीत काय चाललंय ते मात्र सगळं लिही.

अक्षयदाजींना नमस्कार. मोठ्यांच्या पाया पडलो असं सांग. लोभ हायच तुझा, त्याला रिचार्ज लागत नाय.

तुझा भाऊ,
गोरख


उंबरडोह, ता. रोहा
१० जुलै २०२५

चि. गोरख यास,
नंदाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. कागदावर पांढरे ठसे होते, भुकटी झटकून वाचलं. तुझं अक्षर अजून कुंडलिकेतल्या खेकड्यासारखं आडवं चालतं. पण तू जिवंत हायस आणि उंदराचे डोळे तिरळे काढत नायस, एवढं वाचून बरं वाटलं.

तू विचारलंस ते सांगते. नदीकाठची आपली जागा एका कंपनीला गोदामासाठी पाहिजे. गोदाम आणि त्याला रस्ता. आपल्याला हायवेच्या पलीकडं दगडखाणीजवळ पत्र्याच्या खोल्या देणार. त्यासाठी प्रत्येक घराची संमती लागते आणि ती त्या वस्तीमित्रवर. दिनेशची माणसं दोन वेळा आली. अंगणवाडीच्या पडवीत बसतात, पोरांची खिचडी चाखतात आणि खोल्यांचे फोटो दाखवतात. फोटोत खोलीसमोर बाग हाय. खाणीजवळ बाग! तिथं माझ्या डोळ्यादेखत शेळी उपाशी मेलीय.

आम्ही रोह्याला तहसीलदाराच्या हापिसात गेलो. पांडूबाबा, मी आणि बाया. साहेब वाईट बोलला नाय, पाणी पण विचारलं. पण म्हणाला, माझ्या हातात काय नाय, सगळं सिस्टीमवर हाय. राखी पौर्णिमेपर्यंत ज्या घराचं उत्तर येणार नाय, त्याची संमती धरली जाणार. पांडूबाबांनी दोनदा विचारून घेतलं, म्हणजे गप्प बसलो तर हो? साहेब म्हणाला, व्हय. तेव्हा बाबा म्हणाले, साहेब, मी तरुणपणी नागोठण्याकडं मागणी घालायला गेलो होतो. पोरीचा बाप गप्प बसला, तेव्हा मी उठून घरी आलो. गप्प म्हणजे हो असतं तर माझी दोन लग्नं झाली असती. शिपाई हसला, साहेब पण हसला, पण मुदत राहिली तिथंच.

मग मी म्हटलं, आमचं नाय असेल तर ते लिहून घ्या. तर कागद चालत नाय. नाय म्हणायचं असलं तरी ॲपवरच, आणि त्याला पण कोड लागतो. कोड येणार नोंदवलेल्या नंबरावर. नंबर बदलायचा तर अर्ज दिनेशच्या कंपनीच्या हापिसात. हे ऐकलं तेव्हा सगळ्या बाया माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. येताना रिक्षात बायजाबाई म्हणाली, म्हणजे आमचा तहसीलदार गोरख्याच झाला की गो. ज्याला दोन वेळा एका गावात जेवायला जमत नाय, त्याच्या खिशात आमची सगळी घरं.

ती हसत म्हणाली, मला हसू आलं नाय. तू नंबर बंद पाडू नको हां. रिचार्ज मारत राहा. सिमवाले नंबर मोकळा झाला की दुसऱ्याला देतात, असं अक्षय सांगतो. मग आपली वाडी कुठल्या परक्याच्या खिशात जायची, काय नेम.

इकडं येऊ पण नको. पडवीत बसलेत ते तुझ्या फोनचीच वाट बघतायत. अक्षय घाबरलाय. त्याचा ठेकेदार दोन्हीकडं माणसं पुरवतो, त्याच्या कारखान्याला पण आणि या गोदामवाल्यांना पण. शिफ्टवरून आला की विचारतो, गोरखचं काय?

खोकला असेल तर तोंडाला फडकं बांध. काळजी घे, आणि माझा राग धरायचं कारण देऊ नकोस, म्हणजे माया आपोआप उरेल.

तुझी,
नंदाताई


हमरापूर
१६ जुलै २०२५

ती. नंदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, सापडलं! नाचत लिहितोय, म्हणून अक्षर खेकड्यापेक्षा वाईट.

तुझं पत्र आलं आणि दोन दिवस डोकं भणभणलं. एक मूर्ती इतकी घासली की सोंड पातळ झाली, कृष्णाबाईंनी पेपर हातातून काढून घेतला. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, शत्रूच्या घरात काय हाय ते आत जाऊन बघावं, दारात उभं राहून शिव्या देऊन काय होतं? म्हणून दुपारच्या सुट्टीत सिम घातलं आणि ते ॲप उघडून बसलो.

वर हिरवंगार बटन, 'संमती देतो', केवढं मोठं, डोळे मिटून पण बोट त्यावरच पडेल. 'नाय' कुठं नाय. खाली खाली सरकवत गेलो, अटी, नियम, कोणातरी मंत्र्याचा फोटो, पुन्हा अटी, आणि एकदम तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात, करड्या रंगात, 'हरकत नोंदवा'. जत्रेत हरवलेलं पोर सापडावं तसं झालं मला.

आणि मग डोक्यात लख्ख झालं. अगो, कोड सगळे माझ्याकडंच येतात! दिनेशला ते 'हो' साठी पाहिजेत, पण माझ्या हातात असताना मी ते 'नाय' साठी का नाय वापरू? एका दुपारी बसलो तर सगळ्या वाडीची हरकत नोंदवून मोकळा. कंपनीला वाटलं वाडी एका भटक्याच्या खिशात हाय म्हणजे आपलीच. आता तोच खिसा त्यांना चावेल.

खोटं नाय सांगत, एकाचं करून पण बघितलं. तुझ्याच घराचं. अक्षयदाजींच्या नावावर हाय ते. हरकत दाबली, कोड आला, टाकला, आणि लाल अक्षरात आलं की हरकत नोंदवली. त्या लाल अक्षरांचा फोटो काढून ठेवलाय, तुला दाखवीन. एवढा आनंद मला दहावीत पास झालो असतो तरी झाला नसता.

बाकी घरांचं रविवारी करतो, सुट्टी हाय. तोवर पांडूबाबांना सांग, तुमचा तहसीलदार जागा हाय.

काल डोळ्यांच्या आखणीची वेळ आली तेव्हा बाईंनी मला जवळ उभं केलं, रंगाची वाटी धरायला. बुरुश टेकवताना त्या श्वास धरतात. मी पण धरला. मग शिंक आली. बाकी तू समजून घे. तो गणपती आता मागच्या फळीवर हाय, बाई म्हणतात की घेणारा भेटला तर तुझ्यासारखाच कोणतरी असेल.

पाठीवर एक थाप पाठव उत्तरात, जोरात चालेल.

तुझा विजयी भाऊ,
गोरख


उंबरडोह
२१ जुलै २०२५

गोरख यास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाय, तरी लिहिते, कारण आईनं तुला माझ्या ओटीत घातलंय. वि. वि.

रविवार होऊन गेला. मी देवाला म्हणतेय की तू भरकटला असशील, झोपला असशील, माकडाचा खेळ बघत बसला असशील. बाकी एकाही घराचं दाबलं नसशील. दाबलं असशील तर हे पत्र इथंच फाड आणि मला बहीण म्हणू नको.

तुझी लाल अक्षरं उमटली आणि दुसऱ्याच दिवशी ठेकेदारानं अक्षयला गेटवर थांबवलं. फोनमध्ये त्याला अक्षयचं नाव दाखवलं. म्हणाला, वाडीत हरकत घेणारा तू एकटाच शहाणा, मग घरीच बस. अक्षयला काय ठाऊकच नाय! तो म्हणाला, मी नाय केली हरकत. ठेकेदार म्हणाला, मग ॲप खोटं बोलतं का? घरी आला तो माझ्यावर ओरडला, मी म्हटलं मी पण नाय केली. मग तुझं पत्र आलं.

आता नीट ऐक. आम्हाला विचारलं असतंस तर आम्ही नायच म्हटलं असतं. मी तर नदीच्या पाण्यात उभी राहून म्हटलं असतं. पण ते म्हणायचं मी होते. परिणाम भोगायचा तो समजून उमजून भोगला असता, अक्षयला आधी सांगितलं असतं, त्याची तयारी झाली असती. तू माझ्या तोंडातला शब्द काढून घेतलास आणि वर नाचलास. तो पाय गेलेला ड्रायव्हर तुला काय म्हणाला ते तूच लिहिलंयस, मी वेगळं काय लिहू?

आपल्या वाडीत निवाड्याला बसतात तेव्हा कसं असतं ते विसरलास का रे? प्रत्येक घरातलं माणूस उठतं आणि आपल्या तोंडानं सांगतं. दुसऱ्याच्या वतीनं बोललेलं चालत नाय. जनू आजाला बोलता येत नाय तर सगळी वाडी गप्प बसून त्याच्या हाताकडं बघते. आणि तू एका दुपारी सगळ्यांचं उरकणार होतास!

आणि ऐक, सगळ्यांचं उत्तर 'नाय' नाय. सखा आणि मैना यांचं घर सगळ्यात खाली, नदीला लागून. दरवर्षी पाणी चुलीत येतं. सखाला खाणीजवळ जायचंय. मैना काय म्हणते ते कळत नाय, पण परवा नळावर मी तिला समजवायला गेले तर फटकन म्हणाली, तुम्ही वर कोरड्यात बसून नदीच्या गोष्टी सांगा, माझी पोरं फळीवर झोपतात. तेव्हापासून बोलत नाय माझ्याशी. मला राग आला, पण ती खोटं बोलली नाय. तिच्या नावानं तू 'नाय' दाबणार होतास? दिनेश निदान विचारायला तरी आला होता रे. तू तेवढं पण नाय केलंस.

झाली ती हरकत मी मागं घेणार नाय. रोह्याला जाऊन साहेबाला सांगून आले की ती आता माझी हाय, आणि अक्षयला कामावरून बंद केलंय ते पण तोंडावर सांगितलं. साहेब म्हणाला, ठेकेदाराशी आमचा संबंध नाय. मी म्हटलं, मग आमच्या घराचं नाव त्याच्या फोनमध्ये गेलं कसं? तेव्हा त्याला एकदम मीटिंग आठवली. अक्षय आज म्हणाला, आता घेतलीच हाय तर नीट घेऊ. सध्या दुसऱ्याच्या लावणीला जातो.

पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी वाडी बसणार हाय. पांडूबाबांनी सगळ्यांना सांगितलंय, कंपनीवाल्यांना पण सांगितलंय, बघायला या म्हणाले. तू फोन घेऊन ये. लपू नको, पुढच्या दारानं ये. प्रत्येक घर स्वतः येईल, तू कोड वाचायचा, दाबायचं त्या घरानं. हो दाबलं तरी तू हूं की चूं करायचं नाय.

राग हाय, पण भाकरी तुझी ठेवलेली असते. आलास की खा.

नंदाताई


हमरापूर
२८ जुलै २०२५

ती. नंदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कारखान्याच्या मागं बसून वाचलं. पुन्हा वाचलं. मग बाईंनी जेवायला हाक मारली तर भूक नाय म्हटलं, तेव्हा त्यांना कळलं काहीतरी मोठं झालंय.

रविवारी मी दाबलं नाय. भरकटलोच होतो. खारपाड्याच्या पुलाकडं एक माणूस जिताडा मासा घेऊन चालला होता, हाताएवढा, त्याच्याशी बोलत बोलत लांब गेलो. आयुष्यात पहिल्यांदा माझं भरकटणं कोणाच्या उपयोगी पडलं. दाजींना काय तोंड दाखवू ते समजत नाय, पण दाखवीन. त्यांच्याबरोबर लावणीला उतरीन, कंबर मोडेपर्यंत.

आता इकडचं. शनिवारी दिनेश परत आला, एकटा नाय, बरोबर कंपनीचा एक साहेब, चष्मेवाला. चहा नाय पाजला. साहेबानं कागद काढला आणि म्हणाला, तुम्ही इतर नागरिकांची डिजिटल ओळख स्वतःकडं अडवून ठेवली हाय, हा गुन्हा होतो, सिम आमच्याकडं जमा करा. मी म्हटलं, मी अडवली? तुमच्याच गाडीनं आणून माझ्या खिशात कोंबली. तेव्हा सगळ्या घरांना एकच नंबर कसा काय चालला? साहेब म्हणाला, सिस्टीमनं स्वीकारला. मी म्हटलं, मग सिस्टीमवर गुन्हा घाला. दिनेश खाली बघत होता, ताई. अजून थोडा आपला उरलाय तो.

मग साहेबानं फोनवर त्या अटी काढल्या, त्या करड्या, मुंगीएवढ्या, आणि मला वाचून दाखवल्या. नोंदवलेल्या नंबराचा वापर ही सर्वस्वी नंबरधारकाची वैयक्तिक जबाबदारी राहील. वाचून झाल्यावर चष्म्यावरून बघत राहिला. त्याला वाटलं मी घाबरीन.

आठवड्यापूर्वी घाबरलो असतो, नायतर शिवी दिली असती. पण तुझं पत्र खिशात होतं. मी त्याला म्हटलं, साहेब, ती ओळ परत वाचा. त्यानं वाचली. मी म्हटलं, जागा गोदामवाले घेणार, मुदत सरकार ठरवणार, गप्प बसलो तर हो धरणार तुमचं मशीन, आणि जबाबदारी तेवढी गोरखची? बरं. मान्य. घेतली. आजवर मला कोणी कशाची जबाबदारी दिली नाय, शेळ्यांची पण नाय, तुम्ही पहिलेच. मग जबाबदार माणूस म्हणून सांगतो, हे सिम मी कोणाला देणार नाय, यातला एकही कोड तुम्हाला वाचून दाखवणार नाय, आणि मी स्वतः पण वापरणार नाय. ज्याचं घर, त्याचं बोट. काय करायचं ते करा.

साहेब म्हणाला, पोलीस आणू. तेवढ्यात कृष्णाबाई स्प्रे गन घेऊन आल्या. म्हणाल्या, आणा की, पण ते येईपर्यंत माझ्या कामाच्या वेळेत माझ्या माणसाशी बोलायचं नाय, आणि बूट घालून गणपतीमध्ये उभं राहायचं तर अजिबात नाय. गन चालू होती. साहेबाच्या पँटीला शेंदरी रंग लागला तो चुकून लागला असं त्या म्हणतात. मी साक्षीदार हाय, चुकूनच लागला, दोन वेळा.

मला भीती वाटत नाय असं नाय, ताई. खाकी बघितली की माझे पाय आपोआप रस्त्याकडं वळतात, तुला ठाऊक हाय. यावेळी पण वळले होते. चपला घातल्या, पिशवी भरली, एसटी स्टँडपर्यंत गेलो. अलिबागची गाडी उभी होती, माणगावची उभी होती. कुठलीही चालली असती. पण मग वाटलं, मी जाईन तिथं सगळी वाडी माझ्याबरोबर फरपटत जाणार. पांडूबाबा, बायजाबाई, जनू आजा, सगळे त्या चंचीत. एवढ्या माणसांना न विचारता कुठं न्यायचं? परत आलो. बाईंनी विचारलं कुठं गेला होतास, मी म्हटलं, स्टँड बघून आलो. त्यांनी पुढं काय विचारलं नाय, घासायला मोठा लंबोदर दिला.

तर रविवारी येतो. सकाळच्या गाडीनं, पुढच्या दारानं. सखादादानं हो दाबलं तर मी हूं की चूं करणार नाय, शपथ. मैनावहिनी तुझ्याशी बोलत नाय हे वाचून वाईट वाटलं. मी लहान असताना तिनं मला खेकड्याचं बीळ कुठलं आणि सापाचं कुठलं ते शिकवलं होतं.

भाकरी ठेव, दोन ठेव. रागाचं काय ते समोरासमोर वाटून घेऊ, मायेचं तुझ्याकडंच राहू दे.

तुझा,
गोरख

ता. क. — पाकीट चिकटवलं होतं, फाडून परत लिहितोय. ताई, मैनावहिनी आलीय! इथं, हमरापूरला, कारखान्याच्या दारात, चपला हातात, गुडघ्यापर्यंत चिखल. रोह्याहून गाडीनं पेण, तिथून विचारत विचारत चालत. सखादादाला सांगितलेलं नाय. मी बस म्हटलं तर बसत नाय. बाईंनी पाणी दिलं ते उभ्यानंच प्यायली.

ती म्हणते, दिनेशची माणसं काल सखाकडं आली होती. बुधवारी सगळ्या वाडीचे नंबर कंपनी आपणच बदलून टाकणार, मग गोरखची गरज नाय, तुम्हाला बोट पण उचलायला लागणार नाय. सखा खूश झाला. मैनावहिनी म्हणते, मला खाणीजवळ जायचं की नाय ते मी ठरवीन, पण माझ्या घराचं उत्तर मी घरात बसले असताना दुसरा कोणी देऊन जाईल, हे मी खपवून घेणार नाय. पाणी शिरतं ते माझ्या चुलीत, रामवाडीच्या हापिसात नाय. असं म्हणून तिनं हात पुढं केला. कोड सांगू नको, फोन दे म्हणाली.

म्हणजे रविवारपर्यंत थांबून चालणार नाय. तिचं झालं की आम्ही दोघं संध्याकाळच्या गाडीनं निघतोय, हे पत्र मीच तुझ्या हातात देईन. पांडूबाबांना उठवायला लाग, वाडी उद्याच बसवायची.

सिम घातलं. दोन्ही बटनं वहिनीला वाचून दाखवली, वरचं मोठं पण आणि तळाचं बारीक पण, कुठलं कशाचं ते सांगितलं. फोन तिच्या हातात हाय. ती काय दाबेल मला ठाऊक नाय. मी तिच्याकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून, उभ्या उभ्या हे लिहितोय.